गिम्प ३.० टाकल्यावर जुने प्लग-इन गायब. फॉर्मचे फोटो आणि सह्या एकगठ्ठा मापात कशा बसवायच्या?

दुधनाकाठ (सेलू, जि. परभणी)

नमस्कार मंडळी. ऑनलाइन फॉर्म भरून देण्याचं सेंटर आहे, विंडोज ११. गिम्प (फोटो सुधारायचं फुकट सॉफ्टवेअर) २.१० काढून ३.० टाकलं, तेव्हापासून फाइल मेनूतलं बिंप (एकगठ्ठा फोटो करणारं प्लग-इन, म्हणजे जोडप्रोग्रॅम) दिसेना गेलंय. जुन्या प्लग-इन फोल्डरमधलं सगळं उचलून नव्यात टाकलं, गिम्प चारदा बंद-चालू केलं, फरक शून्य. बिंपशिवाय एक पायथनची स्क्रिप्ट होती आणि दोन डॉट एससीएम फाइली.

दुसरी अडचण मापाची. बँकेच्या परीक्षेच्या फॉर्मला फोटो २०० बाय २३० पिक्सेल आणि २० ते ५० केबी, सही १४० बाय ६० आणि १० ते २० केबी मागतात. फोटो २०० बाय २३० केला की चेहरा फुगल्यासारखा दिसतो. सहीची फाइल ३-४ केबीवरच अडकते आणि साइट परत करते. डीपीआय ७२ चा ३०० करून बघितला, केबी जागचे हलले नाहीत.

तिसरं, भरती निघाली की दिवसाला ७०-८० फोटो येतात. एकेक करत बसलं तर बाहेर रांग लागते. विकतचं सॉफ्टवेअर नको आहे. काय करावं बरं?

---

बालाघाट (अंबाजोगाई)

प्लग-इनचं आधी सांगतो, कारण तिथं तुमची काहीच चूक नाही.

३.० ही नुसती नवी आवृत्ती नाही, आतला पायाच बदललाय. २.१० आली एप्रिल २०१८ मध्ये, ३.० मार्च २०२५ मध्ये. मधल्या काळात खिडक्या-बटणं दाखवणारं जीटीके २ जाऊन जीटीके ३ आलं, पायथन २.७ जाऊन पायथन ३ आलं आणि प्लग-इन गिम्पशी ज्या फंक्शनांनी बोलतात त्यातली कितीतरी नावं बदलली किंवा काढून टाकली. त्यामुळे २.१० साठी बांधलेली डॉट ईएक्सई फाइल ३.० मध्ये चालत नाही. तुमचं बिंप त्यातलंच. ते कुठल्याही फोल्डरात ठेवा, उठणार नाही.

पायथनची स्क्रिप्ट नोटपॅडमध्ये उघडा आणि वरच्या चार-पाच ओळी बघा. 'गिम्पफू' असा शब्द दिसला तर ती २.१० ची, ३.० ला निरुपयोगी. ३.० साठी लिहिलेल्या स्क्रिप्टमध्ये त्या जागी 'जीआय रिपॉझिटरी'चा उल्लेख असतो. एवढी एक ओळ बघितली तरी अर्धा तास वाचतो.

डॉट एससीएम म्हणजे स्क्रिप्ट-फू, गिम्पची स्वतःची स्क्रिप्ट भाषा. त्या प्लग-इन्स फोल्डरात नाही, शेजारच्या स्क्रिप्ट्स फोल्डरात टाकायच्या. साध्या स्क्रिप्टा ३.० मध्येही चालून जातात. ज्यांनी काढून टाकलेल्या फंक्शनांची नावं वापरलीत त्या मात्र चालवल्याबरोबर एरर देतात. उदाहरणार्थ, चालू लेयर (फोटोचा थर) विचारणारं जुनं फंक्शन आता नाही, त्याऐवजी निवडलेल्या लेयरांची यादी मागावी लागते, कारण ३.० मध्ये एका वेळी अनेक लेयर निवडता येतात. स्क्रिप्ट-फूला गिम्प बंद करून चालू करायची गरज नसते. ३.० मध्ये फिल्टर्स → डेव्हलपमेंट → स्क्रिप्ट-फू इथं रिफ्रेश स्क्रिप्ट्स आहे, २.१० मध्ये ते थेट फिल्टर्स → स्क्रिप्ट-फू खाली होतं. पायथनच्या आणि ईएक्सई प्लग-इनना मात्र गिम्प पुन्हा चालू करावंच लागतं.

फोल्डर शोधायला ॲपडेटात हिंडू नका. एडिट → प्रेफरन्सेस → फोल्डर्स → प्लग-इन्स उघडा. तिथं दोन ओळी दिसतील. युजर्स आणि रोमिंग असलेली ओळ तुमची, प्रोग्रॅम फाइल्सवाली गिम्पची स्वतःची. दुसरीला हात लावू नका, नवीन आवृत्ती टाकताना त्यातलं काय राहील याचा भरवसा नसतो. आणि २.१० व ३.० यांचे फोल्डर वेगवेगळे असतात. जुना फोल्डर उघडा ठेवून नव्यात फाइली टाकल्यात असं समजून बसणारे भरपूर आहेत.

---

दुधनाकाठ

फोल्डर ३.० चाच आहे, आत्ता प्रेफरन्सेसमधून उघडून खात्री केली. गिटहबवरून (कोड ठेवायची साइट) ३.० साठीच लिहिलेली एक पायथनची स्क्रिप्ट झिप करून उतरवली, त्यात 'जीआय' पण आहे. तरी मेनूत नाही.

---

बालाघाट

फोल्डरचं नाव बघा. शेवटी '-मेन' असं शेपूट असणार.

३.० चा नियम असा: प्रत्येक प्लग-इनला स्वतःचा फोल्डर हवा आणि फोल्डरचं नाव आतल्या मुख्य फाइलच्या नावाशी तंतोतंत जुळायला हवं, फक्त डॉट पीवाय सोडून. फाइल 'सही-साफ डॉट पीवाय' असेल तर फोल्डर 'सही-साफ'. गिटहबवरून 'डाउनलोड झिप' केलं की फोल्डरला शाखेचं नाव चिकटतं, मेन नाहीतर मास्टर, आणि गिम्प तिकडे बघतही नाही. ना एरर, ना काही. शेपूट काढून टाका.

शिवाय विंडोजचं 'एक्स्ट्रॅक्ट ऑल' फोल्डरात फोल्डर करतं. वरचा रिकामा, खरा माल आतल्या फोल्डरात. तसं असेल तर आतला उचलून प्लग-इन्समध्ये ठेवा.

तरी दिसलं नाही तर एक्सप्लोररच्या व्ह्यू मेनूतून फाइलनेम एक्स्टेन्शन्स दाखवायला लावा. वेबपेजवरून कोड कॉपी करून नोटपॅडमध्ये सेव्ह केलेली स्क्रिप्ट पुष्कळदा 'डॉट पीवाय डॉट टीएक्सटी' निघते. शेवटचा उपाय म्हणजे गिम्प बंद करून ३.० च्या फोल्डरातली प्लगइनआरसी नावाची फाइल काढून टाकायची. ती प्लग-इनांची हजेरीवही आहे, गिम्प चालू झालं की नवी लिहून काढतं.

लिनक्सवाल्यांसाठी वेगळं: डॉट पीवाय फाइलला एक्झिक्युटेबल परवानगी दिली नाही तर तीही अशीच गुपचूप वगळली जाते.

---

कयाधू (हिंगोली)

बालाघाट भाऊंच्या म्हणण्यात थोडी भर. प्लग-इन मेनूत कुठं गेलंय हे शोधत बसू नका. गिम्पमध्ये फोटो उघडा आणि तिरकी रेघ असलेली कळ दाबा, शोधपेटी उघडते. त्यात नाव टाइप करा. मेनूतली जागा प्लग-इन लिहिणारा ठरवतो, त्यामुळे ते फिल्टर्सखालीच असेल असं नाही.

आणि नाव दिसतंय पण करडं आहे, क्लिक होत नाही, तर प्लग-इन व्यवस्थित बसलेलं आहे. एकतर फोटो उघडलेला नाही, नाहीतर फोटोचा प्रकार त्याला चालत नाही. स्कॅनरवरून आलेली सही बहुतेक वेळा ग्रेस्केल (नुसती काळी-करडी) असते, जीआयएफ इंडेक्स्ड (मोजक्या रंगांची) असते. इमेज → मोड → आरजीबी करा, जिवंत होईल.

२.१० वर राहायचं असेल आणि युजर अकाउंटचं नाव मराठीत असेल तर पायथन २.७ च्या प्लग-इनना ते नाव पचायला जड जातं. कामाचे फोल्डरही इंग्रजी नावाचे ठेवा. नावात मोकळी जागा नको.

---

मांजराकाठ (लातूर)

आता फोटोकडे. चेहरा का फुगतो ते आकड्यांत बघा म्हणजे पुन्हा विचारावं लागणार नाही.

पासपोर्ट फोटो ३.५ बाय ४.५ सेंमी. ३०० डीपीआयला तो ४१३ बाय ५३१ पिक्सेल होतो. रुंदी भागिले उंची, म्हणजे ०.७८. फॉर्मवाले मागतात २०० बाय २३०, म्हणजे ०.८७. दोन्ही चौकटींचं प्रमाणच वेगळं आहे. तुम्ही स्केल इमेजमध्ये रुंदी-उंची बांधून ठेवणारी साखळी तोडून दोन्ही आकडे टाकता, त्यामुळे गिम्प उंची जास्त दाबतं आणि माणूस आडवा होतो. जाहिरातीत ३.५ बाय ४.५ सेंमी आणि २०० बाय २३० ही दोन्ही मापं शेजारी शेजारी छापतात, त्यामुळे लोकांना ती एकच वाटतात.

त्यामुळे आधी कापायचं, मग लहान करायचं. शिफ्ट-सी दाबून क्रॉप टूल घ्या. टूल ऑप्शन्समध्ये फिक्स्ड वर टिक, ॲस्पेक्ट रेशो निवडा, खालच्या चौकटीत २०:२३ लिहा. ४१३ रुंदीच्या फोटोला उंची ४७५ राहते, म्हणजे ५६ पिक्सेल उडतात. ते खालून, छातीकडून उडवा. डोक्यावरची मोकळी जागा कापली की फोटो नापास. त्यानंतर इमेज → स्केल इमेज, साखळी जोडलेलीच ठेवा, रुंदीत २०० टाका, उंचीत २३० आपोआप येतं. २२९ किंवा २३१ आलं तर फक्त तेवढ्यापुरती साखळी तोडा, एका पिक्सेलने चेहरा बिघडत नाही. इंटरपोलेशन क्युबिक किंवा नोहेलो. 'नन' चुकूनही नको, कडा पायऱ्या-पायऱ्यांच्या होतात.

डीपीआयचं म्हणाल तर तो फक्त फाइलीत लिहून ठेवलेला एक आकडा आहे, छापताना एका इंचात किती पिक्सेल बसवायचे ते सांगणारा. पिक्सेल तेवढेच असतील तर केबी बदलायचं कारणच नाही. अंगठ्याच्या ठशाला २४० बाय २४० आणि २०० डीपीआय लिहितात ना? ३ सेंमी भागिले २.५४ गुणिले २०० करून बघा, २३६ येतात. तेच गोळाबेरीज करून २४०. म्हणजे पिक्सेल बरोबर असतील तर डीपीआयचा हिशोब आत आलाच.

केबी ठरतात चार गोष्टींवर: पिक्सेल किती, क्वालिटी किती, क्रोमा सबसॅम्पलिंग (रंगाची माहिती किती गाळायची ते) कोणतं आणि फाइलीत सोबत काय काय भरलंय. २०० बाय २३० म्हणजे अवघे ४६,००० पिक्सेल. नेहमीच्या ८५-९० क्वालिटीला ही फाइल २० केबीच्या खालीच जाते. म्हणून इथं फाइल लहान करायचा प्रश्न नाही, ती मोठी ठेवायचा आहे. फाइल → एक्सपोर्ट ॲज, नावाला डॉट जेपीजी, पुढच्या खिडकीत 'शो प्रिव्ह्यू इन इमेज विंडो' वर टिक करा, तेव्हाच फाइलचा आकार दिसायला लागतो. क्वालिटी ९५ पासून वर सरकवत न्या. ॲडव्हान्स्डमध्ये सबसॅम्पलिंग ४:४:४ करा. आकडा ३०-४० केबीच्या आसपास आला की थांबा.

सही १४० बाय ६०, म्हणजे ८,४०० पिक्सेल, त्यातही बहुतेक कोरा कागद. जेपीजीला कोऱ्या भागासाठी लिहावं लागतंच काय? ३ केबी येणारच. क्वालिटी १००, ४:४:४ आणि एक्झिफ (कॅमेऱ्याने फोटोसोबत लिहिलेली माहिती), थंबनेल, कलर प्रोफाइल या टिका ठेवून बघा, थोडी भर पडते. तरी १० च्या खाली राहिली तर जाहिरात नीट वाचा. १४० बाय ६० च्या पुढे 'हे माप असल्यास उत्तम' अशा अर्थाचं काही लिहिलेलं असेल तर त्याच प्रमाणात दुप्पट करा, २८० बाय १२०. पिक्सेल चौपट होतात आणि १० केबीचा उंबरठा ओलांडला जातो. माप सक्तीचं असेल तर हे करू नका. आणि १४० बाय ६० ची फाइल ताणून २८० करू नका, मूळ स्कॅनवरून पुन्हा करा.

प्रॉपर्टीजमध्ये बघताना 'साइझ' बघा, 'साइझ ऑन डिस्क' नाही. दुसरा आकडा डिस्कच्या ४-४ केबीच्या कप्प्यांचा असतो.

---

दुधनाकाठ

'-मेन' काढल्याबरोबर स्क्रिप्ट दिसली! त्या शेपटापायी दोन दिवस गेले की ओ. २०:२३ पण जमलं. आता ७०-८० फोटोंचं सांगा. बिंप नाहीच म्हणता, तर पर्याय काय?

---

कयाधू

तीन रस्ते आहेत. कामाप्रमाणे निवडा.

गिम्पमध्येच राहायचं तर ३.० साठी बॅचर नावाचं प्लग-इन आहे. झिप सोडली की बॅचर नावाचाच फोल्डर मिळतो, तो जसाच्या तसा प्लग-इन्समध्ये ठेवायचा. गिम्प पुन्हा चालू केलं की फाइल मेनूत बॅच कन्व्हर्ट येतं. त्यात फोल्डर निवडायचा, स्केलची कृती जोडायची, जेपीजी प्रकार आणि बाहेर पडायचा फोल्डर ठरवायचा. बिंपची सवय असेल तर तासाभरात हात बसतो. बिंपच हवं असेल तर २.१० वेगळं टाकून ठेवता येतं, दोन्ही आवृत्त्या एका मशिनवर भांडत नाहीत.

गिम्प न उघडता करायचं तर मायक्रोसॉफ्टचे पॉवरटॉइज. फुकट आणि मुक्तस्रोत. त्यात इमेज रिसायझर आहे. सेटिंगमध्ये २०० बाय २३० पिक्सेलचं स्वतःचं माप एकदा भरून ठेवायचं, मग ८० फोटो निवडून राइट क्लिक, संपलं. माप भरताना फिट, फिल, स्ट्रेच असे तीन प्रकार विचारतो. स्ट्रेच म्हणजे तोच फुगलेला चेहरा. फिल मधोमध धरून जादाचं कापतो. फिट मापाच्या आत बसवतो, त्यामुळे एक बाजू कमी पडू शकते. जेपीजीची क्वालिटी एन्कोडिंगखाली आहे, तिथं वाढवा. मूळ फोटोवरच लिहायची टिक काढलेली ठेवा. आणि 'इग्नोअर ओरिएंटेशन' चालू असेल तर आडव्या फोटोला हा २३० बाय २०० करून देतो, त्यावर लक्ष असू द्या. केबीचं लक्ष्य मात्र यात देता येत नाही.

तिसरं इमेजमॅजिक, कमांड टाइप करायची तयारी असेल तर. हा १९९० पासून चालत आलेला गाडा आहे. ताकद सगळ्यात जास्त, आणि घात करायची ताकदही तितकीच. चार खड्डे सांगून ठेवतो.

एक, मॉग्रिफाय ही कमांड मूळ फोटोवरच लिहिते. विचारत नाही. पाथ हा पर्याय देऊन वेगळा फोल्डर सांगितला नाही तर ८० गिऱ्हाइकांचे मूळ फोटो २०० पिक्सेलचे होऊन बसतील आणि परत आणायला काही नाही. दोन, जुन्या लेखांत कन्व्हर्ट कमांड लिहिलेली असते. विंडोजमध्ये त्याच नावाचा एक वेगळाच प्रोग्रॅम आहे, डिस्क एनटीएफएस करणारा. आवृत्ती ७ मध्ये सगळं 'मॅजिक' या शब्दाने सुरू करा, घोळ टळतो. तीन, 'यापेक्षा मोठा असेल तरच लहान कर' यासाठी मापापुढे मोठेपणाचं चिन्ह लावतात. ते माप दुहेरी अवतरणात लिहिलं नाही तर कमांड प्रॉम्प्टला वाटतं, निकाल फाइलीत लिहायचाय. चौकट पूर्ण भरण्यासाठी लावायच्या टोपीच्या चिन्हाचंही तसंच, अवतरणाशिवाय कमांड प्रॉम्प्ट ते गिळून टाकतं.

चौथा खड्डा मोबाइलच्या फोटोंचा. मोबाइल बहुतेकदा फोटो फिरवत नाही, फक्त 'हा उभा आहे' अशी एक्झिफमध्ये चिठ्ठी ठेवतो. स्ट्रिप पर्याय ती चिठ्ठी फाडून टाकतो. म्हणून ऑटो-ओरिएंट आधी, स्ट्रिप नंतर. उलटं केलं की निम्मे उमेदवार आडवे पडलेले दिसतात.

यात जेपीजी एक्स्टेंट नावाची सोय आहे, '५० केबीच्या वर जाऊ नकोस' असं सांगता येतं. पण ती वरची मर्यादा आहे, खालची नाही. तुमचं दुखणं खालच्या मर्यादेचं आहे, त्यामुळे तिचा फायदा तुम्हाला दाखल्यांच्या मोठ्या स्कॅनला होईल, फोटोला नाही.

---

खामकाठ (छत्रपती संभाजीनगर)

एवढं कशाला करायलेत? इरफानव्ह्यू टाका, बी दाबा, बॅच कन्व्हर्जन उघडतं. माप, नाव, प्रकार सगळं एकाच खिडकीत. जुन्या मशिनवरही पळतं.

---

कयाधू

सॉफ्टवेअर झकास आहे, वाद नाही. पण ते फुकट आहे घरगुती वापराला. यांचं सेंटर आहे, फॉर्ममागे पैसे घेतात, तो व्यावसायिक वापर झाला आणि त्याला परवाना घ्यावा लागतो. एक्सएनकन्व्हर्टचंही तेच, खासगी आणि शैक्षणिक वापराला फुकट. गिम्प, इमेजमॅजिक, पॉवरटॉइज दुकानात बिनधास्त चालतात. खिडकीवालंच हवं असेल तर कन्व्हर्सीन बघा, आतून इमेजमॅजिकच चालतं, जीपीएल परवाना आहे.

---

बालाघाट

सहमत. एक सांगायचं राहिलं. गिम्प कायम गिम्प डॉट ऑर्गवरूनच उतरवा. २०२२ मध्ये गुगलवर गिम्पच्या नावाने जाहिरात लागत होती, क्लिक केलं की हुबेहूब दिसणाऱ्या साइटवरून पासवर्ड चोरणारा प्रोग्रॅम उतरायचा. सेंटरच्या मशिनवर लोकांचे आधार आणि बँकेचे कागद असतात, तिथं हा धोका परवडत नाही. कुठल्या तरी व्हिडिओखाली दिलेल्या ड्राइव्हच्या लिंकवरची प्लग-इनही नकोत. प्लग-इन म्हणजे पूर्ण प्रोग्रॅम असतो, तुमच्या मशिनवर तुम्हाला जे करता येतं ते सगळं त्याला करता येतं.

---

मांजराकाठ

बॅचबद्दल माझं मत जरा वेगळं आहे. फोटो कापायचं काम मशिनवर सोडू नका. प्रत्येकाचं डोकं चौकटीत वेगळ्या जागी असतं. मधोमध कापलं की एखाद्याची हनुवटी जाते, एखादीचा भांग जातो, आणि अर्ज फेटाळला गेला की गिऱ्हाईक तुमच्या दारात. २०:२३ ठरवलेलं असेल तर एक फोटो कापायला १०-१२ सेकंद लागतात, ८० फोटोंची पंधरा-वीस मिनिटं. कापलेले सगळे एका फोल्डरात, १०० क्वालिटीने. पुढचं लहान करणं आणि नाव बदलणं बॅचरकडे. आणि नाव अर्ज क्रमांकाने द्या, माणसाच्या नावाने नको. एका गावात एकाच नावाचे तिघं निघतात.

---

गोदातीर (पैठण)

मधेच घुसतो, माफ करा, पण विषय मापाचाच आहे. पैठणीच्या कॅटलॉगचे फोटो ४,००० पिक्सेलवरून १,०८० करतो. पदरावरच्या जरीत पाण्यावर तरंग उठावेत तसे पट्टे दिसायला लागतात, आणि लाल काठावर सोनेरी बुट्टी विरघळल्यासारखी दिसते. मूळ फोटोत यातलं काही नाही. शिवाय आयफोनवरचे फोटो लहान केले की रंग मळकट होतो.

---

मांजराकाठ

तीन वेगळे आजार आहेत, औषधंही तीन.

पट्टे म्हणजे मुआरे. जरीचा धागा आणि पिक्सेलची जाळी यांचा मेळ बसत नाही तेव्हा दोन्हींच्या फरकाचा तिसराच नमुना उमटतो. लहान करण्याआधी फिल्टर्स → ब्लर → गॉशियन ब्लर द्या, चौपट लहान करत असाल तर १ ते १.५ पिक्सेल पुरे. मग नोहेलोने स्केल करा. शेवटी फिल्टर्स → एनहान्स → शार्पन, त्यात रेडियस ०.५ ते १ आणि अमाउंट ०.३ ते ०.५. मूळचं रेडियस ३ तसंच ठेवलं तर बुट्ट्यांभोवती पांढरी कड येते. फोटो १०० टक्के झूमवर बघूनच ठरवा. ३३ टक्के झूमवर गिम्पचा पडदाच स्वतःचे पट्टे दाखवतो, फाइलीत ते नसतातही.

लाल-सोनेरी विरघळतं ते सबसॅम्पलिंगमुळे. ४:२:० मध्ये उजेडाची माहिती प्रत्येक पिक्सेलची राहते, पण रंगाची माहिती चार पिक्सेलांत मिळून एक. माणसाच्या चेहऱ्यावर ते खपून जातं, लाल रेशमावरच्या जरीवर खपत नाही. ४:४:४ करा, फाइल थोडी वाढेल, वाढू द्या. हिमरूच्या शालीलाही हेच. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवला तर तिकडे तो पुन्हा दाबला जातो, म्हणून गिऱ्हाइकाला डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

मळकट रंग प्रोफाइलमुळे. आयफोनचा फोटो डिस्प्ले पी३ या रंगपट्ट्यात असतो. प्रोफाइल काढून टाकली की समोरचा प्रोग्रॅम त्याला एसआरजीबी समजतो आणि लाल फिका दाखवतो. आधी इमेज → कलर मॅनेजमेंट → कन्व्हर्ट टू कलर प्रोफाइल, तिथं एसआरजीबी निवडा, मग एक्सपोर्ट. शेजारचं 'असाइन' नव्हे. असाइनने नुसती पाटी बदलते, पिक्सेलमधले रंगांचे आकडे तेच राहतात. बॅच करताना ही पायरी यादीत टाकायला विसरू नका.

---

दुधनाकाठ

बॅचर बसलं, चाललं. आता एकच. सह्या लोक मोबाइलवर काढून पाठवतात, कागदावर हाताची सावली असते. थ्रेशोल्ड (सगळं फक्त काळं नाहीतर पांढरं करणारं) लावलं तर सही तुटक होते आणि सावलीचा काळा डाग राहतो.

---

बालाघाट

थ्रेशोल्ड सगळ्या कागदाला एकच मोजमाप लावतो, म्हणून सावली शाईत जमा होते. आधी सावली भागून काढा. लेयरची नक्कल करा, शिफ्ट-कंट्रोल-डी. वरच्या नकलेवर गॉशियन ब्लर ५० पिक्सेल, मोठ्या फोटोला ८०, इतका की सही ओळखूच येऊ नये, फक्त उजेड-सावलीचे ढग उरावेत. मग त्या लेयरचा मोड डिव्हाइड. खालचा फोटो या ढगांनी भागला जातो आणि कागद सगळीकडे सारखा पांढरा होतो. ब्लर कमी पडला तर सहीभोवती करडी छटा राहते, वाढवा.

मग इमेज → फ्लॅटन इमेज. कलर्स → लेव्हल्स, पांढरा ड्रॉपर कागदावर, काळा ड्रॉपर सहीच्या जाड रेघेवर टिचकवा. रेघ अखंड राहते कारण कडेच्या करड्या छटा शिल्लक असतात. क्रॉप ७:३, कारण १४० बाय ६० म्हणजे तेच. सहीच्या चारी बाजूंनी थोडी जागा सोडा. लहान करणं सगळ्यात शेवटी. १४० पिक्सेल केल्यावर हे सगळं करायला गेलात तर भागायला काही उरतच नाही.

आणि सही घेतानाच काळ्या शाईची, कोऱ्या पांढऱ्या कागदावर, इंग्रजी सही असेल तर कॅपिटल अक्षरांत नको, असं सांगून घ्या. बँकांच्या जाहिरातीत कॅपिटलची सही चालत नाही असं स्पष्ट लिहिलेलं असतं, तिथं कुठलंच प्लग-इन कामाला येत नाही.

---

दुधनाकाठ

डिव्हाइडने सावली साफ गेली. ब्लर ६० ला जमला. २८० बाय १२० ची सही १३ केबी आली आणि साइटने घेतली.